वाळूची नक्षी आणि संगणकाचा पडदा

स्वयंपाकघरात स्टीलचे ताट हातातून निसटून फरशीवर पडले म्हणजे काय होते, हे कुणाला सांगायला नको. खणखणाट होतो, ताट गिरक्या घेऊन स्थिर होते, तरी आवाज रेंगाळत राहतो. मग कुणीतरी ताटावर हात ठेवतो आणि आवाज तत्काळ बंद पडतो. तेवढ्याच वजनाचा लोखंडी गोळा पडला तर ‘धप्प’ असा एकच आवाज होऊन काम संपते. पातळ वस्तू बोलते, जाड वस्तू गप्प बसते. याच्या उलट अनुभवही आपणा सर्वांस आहे. रस्त्यावरून मालट्रक गेला की घरातील खिडकीची काच थरथरते. म्हणजे पातळ पत्रा आवाज देतो आणि आवाज घेतोही. मोटारीचे छत, विमानाची कूस, कपडे धुण्याच्या यंत्राचा डबा, लाउडस्पीकरचा कागदी शंकू, या सर्वांचा कारभार या एकाच देवाणघेवाणीवर चालतो.

आजचा अभियंता मोटार प्रत्यक्ष तयार होण्यापूर्वीच तिचे छत कोणत्या वेगाला गुणगुणेल, हे संगणकाच्या पडद्यावर पाहून घेतो. माझा एक माजी विद्यार्थी अशाच कामावर आहे. त्याने मला ती रंगीत चित्रे दाखविली. पत्रा जेथे जोराने हलतो तेथे लाल, जेथे स्थिर राहतो तेथे निळा. ही सारी किमया यंत्राची, असे त्याच्या बोलण्यावरून वाटत होते. मी इतिहासाचा शिक्षक असल्याने माझे लक्ष साहजिकच दुसरीकडे गेले. यंत्राला हे शिकविले कुणी? त्या शोधात जी माणसे भेटली त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यांपैकी एकीला तर कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात पाऊल ठेवू दिले गेले नव्हते.

प्रारंभ तसा जुना आहे. पितळी पत्रा छिन्नीने खरवडताना त्याने शीळ घातली की त्यावरचा कीस समांतर रेघांत गोळा होतो, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात नोंदविले आहे. इंग्लंडात रॉबर्ट हूकने १६८० साली काचेवर पीठ पसरून असाच प्रकार पाहिला. परंतु या गोष्टीचे शास्त्र व्हावे म्हणून जन्मभर झटला तो जर्मनीतील विटेनबर्ग गावचा एर्न्स्ट क्लाद्नी. त्याचा जन्म १७५६ चा. वडील कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या धाकाने मुलाने कायद्याची पदवी घेतली आणि वडील वारल्यावर ती बाजूला ठेवून दिली. त्याने पितळेचा किंवा काचेचा पत्रा मध्यभागी घट्ट धरला, त्यावर बारीक वाळू भुरभुरली आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. पत्रा गाऊ लागला, वाळू नाचू लागली आणि क्षणार्धात चांदण्या, फुल्या व वर्तुळे यांची सुबक नक्षी उमटली. जेथे पत्रा हलत नाही त्या रेघांवर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत निस्पंद रेघांवर, वाळू जाऊन बसते. सूर बदलला की नक्षी बदलते. १७८७ साली त्याने या आकृत्या छापून प्रसिद्ध केल्या. आवाज डोळ्यांना दिसतो, हे जगाने अशा रीतीने प्रथमच पाहिले. ज्या शाळेत पितळेचा चौकोनी पत्रा आणि चिमूटभर बारीक वाळू आहे, तेथे हा प्रयोग करता येतो. पत्रा कोठे पकडायचा याचा सराव मात्र हवा.

क्लाद्नीला नोकरी अशी नव्हती. स्वतः बनविलेली वाद्ये आणि हे पत्रे गाडीत घालून तो युरोपभर हिंडत असे व प्रयोग दाखवून चरितार्थ चालवीत असे. फिरत फिरत तो पॅरिसला पोहोचला आणि १८०९ साली त्याने खुद्द नेपोलियनसमोर प्रयोग केले. बादशहा खूष झाला. क्लाद्नीचा ग्रंथ फ्रेंच भाषेत यावा म्हणून त्याने ६००० फ्रँक दिले. शिवाय, या नक्षीमागचे गणित जो सांगेल त्यास ३००० फ्रँक किमतीचे सुवर्णपदक देण्याचे फ्रान्सच्या विद्वत्संस्थेमार्फत जाहीर झाले. मुदत १ ऑक्टोबर १८११ ची होती.

त्या काळी पॅरिस म्हणजे गणितज्ञांची राजधानी. लाग्रांज, लाप्लास, लजांद्र, प्वासाँ ही सारी मंडळी एका गावात नांदत होती. तरीही मुदत संपली तेव्हा निबंध आला तो फक्त एक. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, कारण स्पर्धेचा तसा नियमच होता. तो निबंध सोफी जर्मेन या पस्तीस वर्षांच्या स्त्रीने लिहिलेला होता.

सोफीचा जन्म १७७६ चा, पॅरिसमधील एका सधन व्यापाऱ्याच्या घरातला. तेरा वर्षांची असताना, म्हणजे १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांती झाली. रस्त्यात दंगे, मुलीला घराबाहेर पडण्याची सोय नाही. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात तिला गणिताचा इतिहास सापडला आणि त्यात आर्किमिडीजच्या मृत्यूची हकिकत. शत्रू गावात शिरला तरी हा मनुष्य भूमितीच्या आकृतीत गढून गेलेला, आणि सैनिकाने त्याला तसाच मारला. ज्या विद्येत माणूस मरणही विसरतो ती विद्या आहे तरी काय, असे तिला वाटले व ती गणित शिकू लागली. घरच्यांना हे मुळीच रुचले नाही. मुलीच्या जातीला गणित कशाला? रात्री तिने वाचू नये म्हणून त्यांनी तिच्या खोलीतील शेगडी विझविली, मेणबत्त्या नेल्या, उबदार कपडेही काढून घेतले. तिने लपविलेल्या मेणबत्तीच्या उजेडात रजई गुंडाळून अभ्यास चालू ठेवला. दौतीतील शाई गोठलेली आणि मुलगी मेजावर झोपी गेलेली, असे सकाळी पाहिल्यावर आईबापांनी हात टेकले. पुढे याच वडिलांनी तिला जन्मभर पोसले, हेही सांगितले पाहिजे. आपल्या पालकसभांतून मुलींच्या शिक्षणाविषयी बोलताना मला हे वडील पुष्कळदा आठवतात. त्यांचा विरोध खरा होता आणि त्यांचे वळणेही खरे होते.

१७९४ साली पॅरिसला नवे तंत्रविद्यालय निघाले. तेथे मुलींना प्रवेश नव्हता. सोफीने व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळविल्या आणि ल ब्लां नावाच्या एका विद्यार्थ्याच्या नावाने उत्तरे पाठवू लागली. लाग्रांजला ती उत्तरे इतकी आवडली की त्याने विद्यार्थ्याचा शोध घेतला, आणि खरा प्रकार उघड झाल्यावर तिला उत्तेजनच दिले. याच टोपणनावाने तिने १८०४ पासून जर्मनीतील थोर गणितज्ञ गाउस याच्याशी पत्रव्यवहार केला. फ्रेंच फौजा गाउसच्या गावात शिरल्या तेव्हा तिला आर्किमिडीज आठवला. तिने ओळखीच्या एका सेनापतीस गाउसच्या जिवाला जपण्याची विनंती केली. आपल्यासाठी रदबदली करणारी ही बाई कोण, याचा गाउसला उलगडा होईना. तेव्हा कोठे तिने आपले खरे नाव सांगितले. १८०७ साली गाउसने तिला जे उत्तर धाडले त्यात आश्चर्य आणि आदर दोन्ही ओतप्रोत आहेत.

असो. आपण स्पर्धेकडे वळू. सोफीचा विचार थोडक्यात असा: पत्रा वाकविला की तो पूर्ववत होऊ पाहतो, आणि हा जोर त्याच्या वक्रतेवर अवलंबून असतो. एका दिशेची सर्वांत मोठी वक्रता आणि तिच्याशी काटकोनातील सर्वांत लहान वक्रता, या दोहोंची बेरीज तिने धरली. कल्पना मूळची चांगली. परंतु तिच्यापासून समीकरणापर्यंत पोहोचताना ती वाटेत घसरली. पद्धतशीर शिक्षण मिळालेले नव्हते, तपासून देणारा गुरू नव्हता. परीक्षकांनी पदक दिले नाही. मात्र परीक्षकांपैकीच लाग्रांजने तिची कल्पना घेऊन योग्य समीकरण मांडून दाखविले. पातळ पत्र्याच्या कंपनाचे ते समीकरण आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक ग्रंथात आहे. त्यातून एक साधा नियम निघतो. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याची वारंवारता दुप्पट होते, आणि जाडी तीच ठेवून लांबी व रुंदी दुप्पट केली तर वारंवारता चौथाईवर येते.

मुदत दोन वर्षांनी वाढली. १८१३ साली सोफीने पुन्हा निबंध धाडला. प्रयोगाशी मेळ बसला होता, उपपत्ती लंगडी होती. या खेपेस सन्माननीय उल्लेख तेवढा पदरी पडला. पुन्हा मुदत. दरम्यान प्वासाँने १८१४ मध्ये याच विषयावर आपला निबंध विद्वत्संस्थेत वाचला. तो संस्थेचा सभासद असल्याने त्याला स्पर्धेत भाग घेता येत नव्हता, पण व्यासपीठ त्याचेच होते. सोफीने तिसऱ्यांदा निबंध पाठविला आणि ८ जानेवारी १८१६ रोजी तिला पदक जाहीर झाले. समारंभाला ती गेली नाही. उपपत्तीत उणिवा आहेत असा शेरा परीक्षकांनी मारला होता. एवढे झाल्यावरही संस्थेच्या बैठकींना स्वतःच्या हक्काने बसण्याची तिला मुभा नव्हती. फूरिये हा गणितज्ञ चिटणीस झाला तेव्हा त्याच्या प्रयत्नाने ते दार उघडले. १८२१ साली तिने आपला निबंध पदरच्या खर्चाने छापला. १८३१ मध्ये कर्करोगाने तिचा अंत झाला. मृत्यूच्या दाखल्यावर तिचा व्यवसाय गणितज्ञ असा लिहिला गेला नाही. व्याजउत्पन्नावर जगणारी, अशी नोंद झाली. १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला तेव्हा त्यावर ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांची नावे होती. लवचीक पत्र्यांवर काम करणाऱ्या प्वासाँचे नाव त्यांत होते, सोफीचे नव्हते. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने पहिली स्त्री पूर्ण सभासद म्हणून निवडली ती १९७९ साली.

सोफी वारली त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडेने एक कोडे सोडविले. वाळू निस्पंद रेघांवर जमते हे खरे, पण अतिशय हलकी भुकटी टाकली तर ती नेमकी उलट, जेथे पत्रा सर्वांत जोराने हलतो तेथे जमते! असे का? फॅरडेने दाखविले की हलणारा पत्रा जवळच्या हवेत लहान लहान प्रवाह निर्माण करतो, आणि हलकी भुकटी त्या प्रवाहांबरोबर वाहत जाते. हवा काढून टाकली की भुकटीही वाळूसारखी वागते. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. तोवर सर्वांचे लक्ष पत्र्यावर होते. पत्र्याच्या अंगाला हवा चिकटलेली आहे आणि तीही या खेळात भागीदार आहे, ही गोष्ट येथे डोळ्यांदेखत सिद्ध झाली.

समीकरण हाती आले तरी क्लाद्नीची नक्षी गणिताने काढता येईना. अडचण होती ती कडेची. पत्रा मध्ये कसा वागतो हे समीकरण सांगते. पण मोकळ्या कडेवर काय घडते? प्वासाँ म्हणत होता की कडेवर तीन अटी पाळल्या पाहिजेत. गुस्टाफ किर्खहॉफने १८५० साली दाखवून दिले की तीन अटी एकाच वेळी पाळणे शक्यच नाही, दोनच लागतात. गोष्ट दिसायला किरकोळ, पण तिच्यामुळे पायवाटेचा राजरस्ता झाला. पुढे १८८८ मध्ये इंग्लंडच्या लव्हने हेच विचार वाकलेल्या पत्र्याला, म्हणजे घुमट, नळी, मोटारीचे छत अशा आकारांना लागू केले.

ध्वनीच्या बाजूने हे काम लॉर्ड रॅलेने पुढे नेले. आजारातून उठल्यावर हवापालटासाठी तो इजिप्तला गेला आणि नाईल नदीवर बोटीत बसून त्याने आपल्या ध्वनिविषयक महाग्रंथाला आरंभ केला. तो १८७७ व १८७८ मध्ये दोन खंडांत निघाला. हलणाऱ्या सपाट पृष्ठभागाचे लहान लहान तुकडे कल्पावे, प्रत्येक तुकडा हवेत स्वतःची लाट सोडतो, त्या सर्व लाटांची बेरीज म्हणजे आपल्या कानावर येणारा आवाज, ही रॅलेची रीत आजही वापरात आहे. मात्र चारही कडा मोकळ्या असलेला चौकोनी पत्रा त्यालाही सुटला नाही.

तो सोडविला वाल्टर रिट्झ या स्विस तरुणाने, १९०९ साली. क्लाद्नीच्या पुस्तकानंतर तब्बल १२२ वर्षांनी! अचूक उत्तराचा हट्ट सोडावा, पत्र्याचा आकार अनेक साध्या आकारांच्या मिश्रणाने बनला आहे असे मानावे आणि ज्या प्रमाणात ऊर्जेचा हिशेब बरोबर जुळतो ते प्रमाण शोधावे, ही त्याची युक्ती. हाताने आकडेमोड करून त्याने नक्षी काढली, ती क्लाद्नीच्या नक्षीशी मिळाली. त्याच वर्षी क्षयाने तो वारला. वय अवघे ३१.

येथे आपल्या देशातील एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताणलेले चामडे आणि ताठ पत्रा यांचे गणित वेगळे, परंतु जात एकच. साध्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून ढोल नुसता घुमतो. आपला तबला मात्र सुरात बोलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली कलकत्त्याहून आणि पुढे १९३४ च्या निबंधात याचे रहस्य उकलले. मधल्या शाईच्या वजनामुळे कंपने अशी बदलतात की पहिले पाच स्वर साध्या पूर्णांकी प्रमाणात येतात. रामन यांनीही चामड्यावर बारीक वाळूच भुरभुरली होती. ज्या अनाम कारागिरांनी शाईचे थर देऊन देऊन हे साधले, त्यांच्याजवळ समीकरण नव्हते, कान होते.

रिट्झची युक्ती साध्या चौकोनाला ठीक. मोटारीला शेकडो वळणे. तेव्हा पत्र्याचे लहान लहान तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्यापुरता साधा हिशेब करावा आणि सांधे जुळवावे, असा विचार पुढे आला. अमेरिकेत विमानांच्या पंखांच्या निमित्ताने टर्नर, क्लफ व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली तो मांडला आणि १९६० मध्ये क्लफने त्याला नाव दिले. मराठीत त्याला ‘सान्त घटक पद्धत’ म्हणता येईल. समीकरणांची संख्या हजारोंनी वाढली. ती सोडवायला आता संगणक होते. नासा या अमेरिकन अवकाश संस्थेने आपली ‘नॅस्ट्रॅन’ ही आज्ञावली १९७१ पासून इतरांसही उपलब्ध करून दिली. त्याच सुमारास पत्र्याचे तुकडे आणि हवेचे तुकडे एकत्र जोडून सोडविण्यास सुरुवात झाली. पत्र्याचा वेग हवेला ढकलतो, हवेचा दाब पत्र्याला ढकलतो. दोन्ही हिशेब एकाच वेळी. हवा हलकी असल्याने जाड पत्र्याला तिची फारशी पर्वा नसते. पाण्यातील जहाजाचा पत्रा मात्र पाण्याला विसरून चालत नाही.

पातळपणाची मोठी पंचाईत असते, ती वाचकांनी आकड्यांतच पाहावी. एक मीटर लांबरुंद आणि एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा घ्या. जाडीइतक्याच आकाराचे ठोकळे पाडले तर एका थरातच दहा लाख होतात. म्हणून अभियंता पत्र्याला जाडी नसलेला पडदा मानतो आणि जाडी केवळ आकडा म्हणून समीकरणात घालतो, किर्खहॉफ व लव्ह यांनी घालून दिलेल्या वाटेने. १००० हर्ट्झच्या सुरात या पत्र्यावरील लाटेची लांबी सुमारे १० सेंटिमीटर भरते. एका लाटेत निदान सहा तुकडे घेतले तर साडेतीन-चार हजार तुकड्यांत काम भागते. पण मग दुसरी मेख निघते. पडद्याला जाडी नाही, तरी त्याच्या दोन्ही बाजूंना हवा आहे आणि दोन्हीकडचा दाब निराळा. तेव्हा संगणकाला एकाच ठिकाणी दाबाचे दोन आकडे ठेवायला शिकवावे लागते. ते शिकविले नाही तर हवा पत्र्यातून आरपार जाते आणि उत्तर निरर्थक येते, चित्र मात्र तेवढेच सुंदर दिसते!

आणखी एक गोष्ट लोथार क्रेमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ध्यानात आणून दिली. हवेत सर्व स्वर एकाच वेगाने जातात. पत्र्यातील वाकण्याची लाट मात्र स्वर चढेल तशी वेगाने धावते. एका ठराविक स्वराला दोन्ही वेग सारखे होतात, आणि तेथून वरच्या स्वरांना पत्रा जणू दार उघडून देतो. चार मिलिमीटर जाडीच्या काचेला हा स्वर ३००० हर्ट्झच्या आसपास येतो. खिडकी लावूनही बाहेरचा तीक्ष्ण आवाज घरात का शिरतो, याचे एक कारण हे.

स्वर फार चढले की तुकड्यांची पद्धतही थकते. वर सांगितलेल्या पत्र्याला साधारण दर तीन हर्ट्झला एक नवी नक्षी असते; ३००० हर्ट्झपर्यंत हजारभर. एकेक नक्षी मोजण्यात अर्थ उरत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड लायन आदींनी सरासरीचा मार्ग काढला, खानेसुमारीत जसा एकेका माणसाचा स्वभाव न पाहता लोकसंख्या पाहतात तसा. त्या वेळी प्रश्न होता रॉकेटचा. त्याच्या गर्जनेने उपग्रहाचे पातळ भाग थरथरून तुटू नयेत याची काळजी उड्डाणापूर्वी घ्यावी लागते. आपल्याकडेही बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत खास ध्वनिकक्ष आहे. तेथे १४० डेसिबलच्या वरचा आवाज सोडून अशा भागांची परीक्षा घेतात. म्हणजे संगणकाने हिशेब केला तरी पत्र्याला प्रत्यक्ष आवाजासमोर उभे करणे सुटलेले नाही.

नवी आज्ञावली हाती आली म्हणजे जाणता अभियंता लगेच मोटारीचे छत सोडवायला घेत नाही. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा साधा पत्रा तो प्रथम देतो आणि उत्तर जुळते का पाहतो. चौकोनी पत्रा यासाठी नेहमीचा. पडद्यावर जाळे काढले की कडेबद्दल आज्ञावली विचारते: जखडलेली, टेकलेली की मोकळी? ‘मोकळी’ असे सांगितले म्हणजे आत किर्खहॉफच्या त्या दोन अटी लागू होतात, आणि पडद्यावर निळ्या रेघांची तीच नक्षी उमटते, जी क्लाद्नीने वाळूत काढली होती.